ओतासिलियोने उसना घेतलेला हात

ओढ्याकाठच्या आमच्या बोका दो मुरुमुरु गावात कुणी कुणाला नाही म्हणत नाही, ही आमची जुनी खोड. मीठ मागा, मिळेल. होडी मागा, मिळेल. होडीचं इंजिन मागा, तेही मिळेल, फक्त त्यात तेल नसेल. माझं शिलाई मशीन एकदा असंच गावभर फिरून आलं, तेव्हा त्यात कुणाच्या तरी पोराची अर्धी चड्डी अडकलेली होती, आणि ती मलाच पुरी करावी लागली. पण माणसाने माणसाकडे अख्खा हात उसना मागावा आणि समोरच्याने तो खांद्यापासून बोटांपर्यंत देऊन टाकावा, हे सुचलं फक्त ओतासिलियोला, आणि केलं फक्त माझ्या नवऱ्याने.

ओतासिलियो म्हणजे आमचा कोम्पाद्रे. साव जोआवच्या सणाला रात्री शेकोटी पेटते, तेव्हा ज्यांचं एकमेकांवाचून पान हलत नाही ते दोघं हातात हात घालून तिच्यावरून उडी मारतात. पलीकडे पाय टेकले की ते कोम्पाद्रे झाले, त्यांच्या बायका कोमाद्रे झाल्या, आणि मग मरेपर्यंत एकाने मागायचं आणि दुसऱ्याने द्यायचं. कशाला, किती, परत कधी, हे विचारायचं नाही. माझा जेनेसियो आणि हा ओतासिलियो मिसरूड फुटायच्या आत ही उडी मारून बसले. ती मारली त्यांनी, चटके मात्र लग्न झाल्यापासून मी सोसतेय.

ओतासिलियो सत्तरीला टेकलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, अंगाने सुकलेल्या दोरीसारखा. आणि आसाईच्या झाडावर त्याच्यासारखा चढणारा आमच्या ओढ्यावर दुसरा नाही. ताजी आसाई, म्हणजे त्या झाडाच्या काळ्या फळांचा दाट रस, नसेल तर आमच्याकडे जेवण झालं असं कुणी मानत नाही. मासा असो, पीठ असो, पोट आपलं वाट बघत बसतं. झाड ताडासारखं सरळ, पण मनगटाएवढं बारीक, वाऱ्याने झुलणारं. पायात पानांचं वळलेलं कडं अडकवायचं, सुरी कमरेला खोचायची आणि सरसर वर जायचं. वरून घड कापून एका हातात धरायचा आणि तसंच खाली घसरायचं. ओतासिलियो तर खालीसुद्धा यायचा नाही, एका झाडाच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसऱ्या झाडावर जायचा. आम्ही बायका खालून डोळे मिटून घ्यायचो.

शिवाय गावाचं वर्तमानपत्र तोच. वर बसून ओरडायचा, मालाची बोट वळणावर आली, नाझारेच्या जावयाने होडी उलटी केली, पलीकडच्या काठावर कुणीतरी कुणाच्या तरी बायकोशी फार वेळ बोलतंय. मी अंगणात मनियोकच्या कंदाचं पीठ भाजत असले की मला वरून नाव घेऊन सांगायचा, "कोमाद्रे झुल्मिरा, तुमचा नवरा जाळं विणायच्या नावाने झोपलाय." गावात इंटरनेटची तबकडी लागली तरी खरी बातमी आम्ही झाडाखालूनच घ्यायचो, कारण ती फुकट होती आणि तिच्यात ओळखीची माणसं होती.

ती तबकडी दवाखान्याच्या पत्र्यावर लागली. दवाखाना म्हणजे खांबांवर उभी एक खोली. त्यात एक टेबल, औषधांची पेटी, एक बाक आणि भिंतीला टेकवलेला टीव्हीसारखा पडदा. पडद्यात डॉक्टर लेतिसिया येतात. त्या तिकडे दक्षिणेला, मोठ्या शहरात असतात, थंडी वाजते म्हणून लोकरीचा कोट घालून बसतात. खोलीची सगळी कामं एदिलेनी बघते. ती सरकारची आरोग्यसेविका, आमच्याच गावची पोर, पण कामाच्या बाबतीत आईलासुद्धा ओळख देत नाही.

डॉक्टरबाईंना आमची रीत कळायला वेळ लागला. एकाला बोलावलं की बाक भरायचा. त्या म्हणाल्या, रोग्याशिवाय सगळ्यांनी बाहेर जा. आम्ही मान ठेवला, बाहेर नाही गेलो, पण भिंतीकडे तोंड करून बसलो. त्या विचारायच्या, मीठ किती खाता? रोगी म्हणायचा, अगदी थोडं. भिंतीकडून आवाज यायचे, रोज खारवलेला मासा खातो डॉक्टरबाई, परवा तर दोन खाल्ले. शेवटी त्यांनी नाद सोडला. नंतर तर त्या रोग्याला सोडून थेट भिंतीलाच विचारायला लागल्या.

ओतासिलियो पहिल्यांदा गेला तो आजारी म्हणून नाही, बाईंना बघायला. रिकाम्या हाताने जायचं कसं, म्हणून आसाईचा वाडगा घेऊन गेला, पडद्यासमोर धरला, "घ्या," म्हणाला. बाई म्हणाल्या, मला कशी पोचणार? तो म्हणाला, मग तुमच्या वतीने मी पितो, आणि प्याला. त्यानंतर दर भेटीत हा प्रकार ठरलेला. मग बोलण्याच्या ओघात फुशारकीने सांगून बसला की हल्ली वर गेलं की कधीकधी नदी डोक्यावरून वाहते, झाडं दोन दिसतात, मग मी मधल्याला मिठी मारतो. त्याला वाटलं बाई हसतील. बाईंनी एदिलेनीला त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायला सांगितलं. आमच्याकडे आकड्यातलं शेवटचं शून्य गाळून सांगतात, बारावर आठ म्हणजे ठीक. ओतासिलियोचा आकडा आला अठरावर अकरा.

झाड बंद. महिनाभर गोळ्या, मीठ कमी, आणि पुढच्या भेटीत आकडा खाली आला तर बघू.

तो महिना आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. ओतासिलियो दिवसभर धक्क्यावर पाय सोडून बसायचा. लोक घरोघरून आसाई आणून द्यायचे. तो एक घोट घ्यायचा आणि सांगायचा, हा घड दोन दिवस आधी कापला, हा सावलीतला आहे, हा कापणाऱ्याला डोळे नाहीत. बातम्या बंद पडल्या. मालाची बोट आली कधी आणि गेली कधी, मला साखर मिळाली नाही. गोळ्या घ्यायचा, नाही असं नाही, पण खारवलेल्या माशाबरोबर घ्यायचा. मी एकदा चांगलं झापलं त्याला. म्हटलं, या वयात माणसं दोन खांबांना टांगलेल्या झोळीत पडून नातवंडांना ओरडतात, तुम्हाला काय माकडाचा जन्म घ्यायचाय?

तो चिडला नाही. म्हणाला, "कोमाद्रे, खाली बसलो की मी एक म्हातारा असतो. वर गेलो की ओतासिलियो असतो."

मी त्याच्यापुढचा खारवलेला मासा उचलला आणि घरी घेऊन गेले.

भेटीचा दिवस आला तेव्हा एदिलेनी लशी घेऊन वरच्या ओढ्याला गेली होती. जाताना तिने बजावलं होतं की पट्टा स्वतः बांधा, बटण दाबा, आकडा पडद्याला दाखवा, बस्स. ओतासिलियोला तेवढंच हवं होतं. त्याने विचार केला तो असा. पडद्यात दिसतं तोंड आणि टेबलावरचा हात. तोंड आपलं पाहिजे, ते आहे. हात कुणाचाही चालेल. मग गावातला सगळ्यात थंड माणूस कोण? अख्ख्या मुरुमुरुत याचं उत्तर एकच, माझा जेनेसियो. घराला आग लागली तर हा आधी जाळ्याची गाठ पुरी करेल. ओतासिलियोला खात्री होती की याचं रक्तसुद्धा झोळीत आडवं पडलेलं असणार.

तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, हात दे. जेनेसियोने कोणता, एवढंच विचारलं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. माझं पीठ परातीत होतं, आणि मनियोकचं पीठ अर्धवट भाजून सोडता येत नाही, त्यामुळे मी दवाखान्यात पोचले तेव्हा भेट सुरू झाली होती. बाक खचाखच भरलेला, पण कुणी भिंतीकडे बघत नव्हतं, सगळे टेबलाकडे. टेबलावर सणाचं मेणकापड घातलेलं, पार जमिनीपर्यंत. ओतासिलियो सांत पेद्रोच्या सणाचा पिवळा सदरा घालून ताठ बसलेला. आमच्याकडे सणाला केलेला सदराच दवाखान्याला घालतात, आणि तो सगळ्या गावाचा एकाच पिवळ्या कापडाचा असतो, बायकांचासुद्धा. त्याचा डावा हात टेबलावर, दंडाला पट्टा. मला वाटलं, महिनाभर बसून ओतासिलियोचा हात बराच गुबगुबीत झालाय.

मग मेणकापडाच्या कडेखालून बाहेर आलेली दोन पावलं दिसली. उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. ते नख कुऱ्हाडीने उडालं तेव्हा पट्टी मीच बांधली होती.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मशीन वाजलं. ओतासिलियोने आकडा न बघताच पडद्यासमोर धरला, जिंकलेल्या माणसासारखा. डॉक्टरबाई पुढे वाकल्या. चष्मा लावला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सेउ ओतासिलियो, तुम्ही बसलेलेच राहा. उठू नका." त्या मोठ्या माणसाला मानाने सेउ म्हणतात, पण यावेळी तो मान नव्हता, त्यांना भीती वाटली होती. एकवीसवर तेरा.

बाई म्हणाल्या, कदाचित पट्टा नीट बांधला नसेल, पुन्हा बांधा, पुन्हा बघू, आणि त्या कुठेतरी फोन लावायला वळल्या.

त्या वळल्या तेवढ्यात आमच्या लोकांनी केलं ते. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. माझी सून रोसिल्दा, रोज माझ्याबरोबर पीठ हलवून तिचे दंड लोखंडाचे झालेत, ती बाकावरून उतरली आणि पिवळ्या सदऱ्यासकट टेबलाखाली शिरली. जेनेसियोचा हात आत गेला, तिचा बाहेर आला. पट्टा बांधला. खाली डोकी आपटल्याचा आवाज झाला. बाईंनी विचारलं, काय पडलं? बाकावरून उत्तर गेलं, कोंबडी.

आकडा आला. बारावर सात.

डॉक्टरबाईंनी मोठा श्वास सोडला. हसल्या. म्हणाल्या, पहिला आकडा पट्ट्याचा दोष होता, घाबरवलंत मला, तुम्ही पथ्य फार छान पाळलंय. "चढा झाडावर," म्हणाल्या. "पण सावकाश."

बाक नुसता खुलला. कुणीतरी टाळी वाजवली. ओतासिलियो सदऱ्याच्या आत, कमरेला, ते पानांचं कडंसुद्धा खोचून आला होता, म्हणजे दवाखान्यातून थेट झाडावर जाता यावं. तो उठायला लागला. आणि मी दारात तशीच उभी होते. मला एवढंच कळत होतं की पहिला आकडा पट्ट्याचा नव्हता. तो माझ्या घरातला होता.

ओतासिलियोने उठता उठता मेणकापड वर केलं आणि खाली बघितलं. जेनेसियो दोन्ही तळव्यांनी कपाळ दाबून बसला होता, डोळे मिटून. तसा तो पावसाळ्यापासूनच बसायचा. ओतासिलियो वाकलेलाच राहिला. बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, चला कोम्पाद्रे, परवानगी मिळाली. सगळे त्याला डोळ्यांनी खुणावत होते. गप्प राहिला असता तर संध्याकाळच्या आत झाडावर असता.

तो पुन्हा खुर्चीवर बसला. कमरेचं कडं काढलं आणि पडद्यासमोर टेबलावर ठेवलं.

"डॉक्टरबाई," तो म्हणाला, "दुसरा आकडा खोटा आहे. पहिला खरा आहे. पण तो माझा नाही, माझ्या कोम्पाद्रेचा आहे. तो खाली बसलाय. त्याला बघा."

मग मात्र माझे पाय हलले. मी नवऱ्याला टेबलाखालून कानाला धरून काढलं आणि खुर्चीत बसवलं. त्याच्यामागून रोसिल्दा निघाली. डॉक्टरबाई एकेक माणूस बाहेर येताना बघत होत्या. त्यांनी विचारलं, अजून कुणी आहे का खाली? आणि तो दुसरा हात कुणाचा होता? रोसिल्दाने नखं लाल रंगवलेला हात वर केला. बाईंनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा लावला. मग त्या जेनेसियोकडे वळल्या आणि त्यांचं हसू गेलं.

जेनेसियो ऐकायला तयार नव्हता. म्हणाला, "मी हात उसना दिला होता, आजारी पडायला नव्हतो आलो." बाईंनी विचारलं, डोकं दुखतं का? तो म्हणाला, दुखतं, पण ते बायकोच्या बोलण्याने. जाळ्याच्या गाठी दोन दिसतात का? दिसतात, पण तेव्हाही ती बोलतच असते. बाई म्हणाल्या, "नाही. हे सगळं तुमच्या रक्तदाबाने होतंय. बायकोचा काही संबंध नाही."

इतकी वर्षं त्या डोकेदुखीचा आळ माझ्यावर होता. सगळ्या गावासमोर, डॉक्टरच्या तोंडून, मी निर्दोष सुटले. आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही. मी बाकावर बसले आणि भिंतीकडे तोंड केलं, कारण मला रडताना कुणाला दाखवायचं नव्हतं.

बाईंनी पेटीतली गोळी सांगितली, ती मी जेनेसियोला दिली. आमच्या जवळच्या शहरातून रुग्णांची बोट मागवली. ती यायच्या आत त्यांनी ओतासिलियोलाही सोडलं नाही. आता तुमचा हात, म्हणाल्या, खांद्याला जोडलेला. सोळावर दहा आला. झाड पुन्हा महिनाभर बंद. ओतासिलियोने मान हलवली आणि, सवय कुठे जाते, आसाईचा वाडगा पडद्यासमोर धरला. यावेळी बाईंनी पिऊ दिला नाही. म्हणाल्या, माझ्या वतीने आज रोसिल्दा पिईल, एकट्या तिचाच आकडा चांगला आहे.

बोटीने मी जेनेसियोबरोबर गेले. तिथल्या डॉक्टरने छातीला तारा लावल्या, कागद बघितला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की अजून थोडे दिवस तसंच चाललं असतं तर हा माणूस झोळीतून उठला नसता, आणि तुम्हाला वाटलं असतं झोपलाय. मला असंच वाटलं असतं. तो नेहमी झोपलेलाच असतो, मी काय हलवून बघणार होते? त्या रात्री तिथल्या इस्पितळात मी त्याला चारदा हलवून उठवलं, नुसतं बघायला. तो वैतागला, पण उठला.

आम्ही परत आलो तेव्हा ओतासिलियो धक्क्यावर होता. आमच्या कोंबड्या त्याने राखल्या होत्या, पिठाला मुंग्या लागू दिल्या नव्हत्या. जेनेसियोने आपल्या गोळ्यांची पुडी दाखवली, ओतासिलियोने आपली. मग कुणाच्या जास्त आहेत यावरून वाद घातला.

पुढच्या भेटीला एदिलेनी स्वतः हजर. मेणकापड तिने घडी करून घरी नेलं होतं. डॉक्टरबाईंनी आधी पडदा उचलून टेबलाखाली फिरवायला लावला, मग ओतासिलियोला दोन्ही हात वर करायला सांगितलं आणि मोजले. बाकाला दम दिला की सगळ्यांनी आपापले हात मांडीवर ठेवा. ओतासिलियो घामाघूम. या खेपेला त्याने खरंच मीठ सोडलं होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं. तेरावर आठ. बाई म्हणाल्या, दिवसाला एक झाड, तेही धक्क्याजवळचं, आणि झोका घ्यायचा नाही. तो एकाच झाडाला तयार झाला, जणू अख्खं रान मिळालं. टेबलावर ठेवलेलं कडं तेव्हापासून एदिलेनीकडे होतं, तिने ते त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पीठ भाजत होते. ओतासिलियो चढला, सावकाश, मधे दोनदा थांबून. खाली सगळा गाव मान वर करून उभा. वर पोचला, बुंध्याला पाय आवळून बसला, नदीकडे बघितलं, रानाकडे बघितलं. बुंध्याला मिठी मारली. मला वाटलं, आता नदी डोक्यावरून वाहते की काय.

मग त्याचा आवाज आला. "कोमाद्रे झुल्मिरा, जेनेसियो घरामागे आहे. खारवलेला मासा खातोय."

मी पीठ हलवायचं लाकूड तसंच हातात घेऊन मागे गेले. परातीतलं पीठ करपलं तर करपू दे म्हटलं. जेनेसियो लाकडांच्या ढिगामागे उकिडवा बसला होता, गाल फुगलेले. मी सुरू केलं ते त्याच्या आजोबांपासून. त्याने घास गिळला आणि म्हणाला, झालं सुरू, डोकं दुखायला लागलं माझं.

मी त्याच्या आजोबांवरच थांबले. लाकूड खाली टाकलं, त्याचा हात धरला आणि सरळ एदिलेनीकडे पट्टा बांधायला घेऊन निघाले. वाटेत ओतासिलियोने झाडावरून विचारलं, घड उचलायला जेनेसियोला जरा पाठवता का. मी मान वर करून सांगितलं की होडी न्या, इंजिन न्या, माझं मशीन न्या, पण हा हात मी आता कुणाला देत नाही.